आपला नाला कोठे जातो?

(परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी)



भित्तिपत्रिकेसाठी गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणाला ‘पोळा’ आला, कोणाला ‘आपली झाडे’ आला. माझ्या चिठ्ठीत ‘पाणी व कचरा’ असे होते. मला वाटले, सोपा विषय आहे. कचरा करू नये, पाणी जपून वापरावे, अशा दहा ओळी लिहिल्या की झाले. पण या पावसाळ्यात आपल्या गावात जे झाले ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. म्हणून मी जे पाहिले, जे मोजले आणि जे गुरुजींकडून शिकले, ते सारे लिहीत आहे. यात आमच्या घरची एक गोष्ट आहे. ती लिहू की नको, असे मला दोन दिवस वाटत होते. बाबा म्हणाले, "लिही." म्हणून लिहिते.

१. आपले पाणी

आपले गाव भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. खारपाणपट्टा म्हणजे काय? अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली खूप क्षार आहेत. त्यामुळे विहीर खोदली किंवा हापशी मारली तरी पाणी खारट लागते. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. ते रोज प्यायले तर शरीराला चांगले नसते. म्हणून आपल्याला नळाच्या पाण्याची वाट पाहावी लागते. नळ चार दिवसांनी येतो. नळ आला की आई सर्वांत आधी गुंड भरते, मग टाकी भरते, मग बाकीची कामे करते.

माझे आबाजी सांगतात की त्यांच्या लहानपणी नळ नव्हता. तेव्हा लोक नाल्याच्या रेतीत खड्डा करीत. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्यात हळूहळू पाणी येई. वाटीने ते पाणी गुंडात भरावे लागे. विहिरीचे पाणी खारे आणि झिऱ्याचे गोड! मी आबाजीला विचारले, "असं कसं?" आबाजी म्हणाले, "विहिरीचं पानी जमिनीच्या पोटातलं. झिऱ्याचं पानी पावसाचं, रेतीतून गाळून येते. आमी तेच पेत होतो."

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आबाजीचे बरोबर आहे. पावसाचे पाणी गोडे असते. ते वाहते तोपर्यंत आणि रेतीत मुरते तोपर्यंत गोडेच राहते. म्हणून खारपाणपट्ट्यात नाल्याला फार किंमत आहे."

आता सांगा, आज आपल्या नाल्यात झिरा केला तर ते पाणी कोण पिईल?

२. नाला कोठे जातो?

गुरुजींनी एक दिवस वर्गाच्या फरशीवर खडूने नकाशा काढला. आधी आपला नाला काढला. मग विचारले, "पोरांनो, हा नाला कोठे जातो?" एक जण म्हणाला, "पुढच्या वावरात." दुसरा म्हणाला, "पेढीले." गुरुजी म्हणाले, "आणि पेढी?" मग कोणालाच सांगता आले नाही. तेव्हा गुरुजींनी रेघ पुढे नेली. ती रेघ वर्गाच्या दाराबाहेर ओट्यावर गेली. ती अशी आहे :

आपला नाला पेढी नदीला मिळतो. पेढी नदी पूर्णा नदीला मिळते. पूर्णा नदी अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पुढे जळगाव जिल्ह्यात जाते. तेथे चांगदेव या गावाजवळ ती तापी नदीला मिळते. तापी नदी मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात मुलताई येथे निघते आणि तिची लांबी सुमारे ७२४ किलोमीटर आहे. तापी पुढे गुजरातमध्ये जाते. सुरत शहराचे लोक तापीचे पाणी पितात. सुरतच्या पुढे तापी अरबी समुद्राला मिळते.

गुरुजींनी आणखी एक गंमत सांगितली. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेच्या सीमेवर वर्धा नदी आहे. तिचे पाणी पुढे गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो! इकडे पडला तर पश्चिमेला आणि तिकडे पडला तर पूर्वेला.

मग गुरुजींनी खिशातून एक रिकामी पुडी काढली आणि नकाशातल्या नाल्यावर ठेवली. म्हणाले, "ही आपण फेकली. फेकली म्हणजे गेली ना?" आम्ही म्हटले, "हो." गुरुजी म्हणाले, "कोठे गेली?" मग आम्ही खडूची रेघ पाहिली आणि गप्प बसलो. ती पुडी पेढीत गेली. पेढीच्या काठी गावे आहेत. पूर्णेच्या काठी गावे आहेत. तापीच्या काठी शहरे आहेत. आपल्यासाठी जे ‘गेले’, ते दुसऱ्याकडे ‘आले’.

पण आमच्या पुड्या एवढ्या दूर गेल्याच नाहीत. त्या आपल्याच गावात अडकल्या. ते आता सांगते.

३. रपटा तुंबला तो दिवस

आषाढ महिन्यात एका रात्री खूप पाऊस पडला. पहाटे आरडाओरड ऐकू आली. एस. टी. थांब्याजवळच्या रपट्यावरून पाणी चालले होते. रपट्याखाली सिमेंटचे तीन मोठे नळे आहेत. पाणी त्या नळ्यांतून जायला पाहिजे. पण नळे बंद झाले होते. म्हणून पाणी मागे फिरले आणि काठावरच्या घरांत शिरले.

त्यांत माझ्या मैत्रिणीचे घर होते. ती माझ्या बाजूलाच बसते. तिच्या घरात घोट्याच्या वर पाणी आले. चूल भिजली. गव्हाचे पोते खालून ओले झाले. तिचे दप्तर खाटेखाली होते, ते सारे भिजले. त्या दिवशी एस. टी. आली नाही. कॉलेजची मुले घरीच राहिली.

तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. तिने आपली पुस्तके व्हरांड्यात उन्हात ठेवली आणि प्रत्येक पुस्तकावर दगड ठेवला. पाने एकमेकांना चिकटली होती. आम्ही दोघींनी एक एक पान सोडवले. गणिताच्या पुस्तकाची काही पाने फाटली. ती रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "दरसाल पाऊस येते, पण पानी घरात कधी आलं नोतं."

मी घरी जाऊन आबाजीला विचारले, "पाऊस तर दरवर्षी पडते, मग याच वर्षी घरात पानी काहून शिरलं?" आबाजी म्हणाले, "पावसाचा दोष नाई, बाई. नळ्याचा गळा कोनी दाबला ते पाहा."

४. आम्ही मोजणी केली

ग्रामपंचायतीच्या माणसांनी फावड्याने नळे मोकळे केले. आतून निघालेला कचरा रपट्याच्या बाजूला टाकला. दोन दिवसांनी तो सुकला. मग गुरुजी आम्हाला तेथे घेऊन गेले. नियम असे होते : कोणीही हात लावायचा नाही, काडीनेच बाजूला करायचे. काच दिसली तर गुरुजींना सांगायचे. फवारणीचा डबा दिसला तर जवळसुद्धा जायचे नाही. परत आल्यावर साबणाने हात धुवायचे.

आम्ही चार गट केले. प्रत्येक गटात एक मोजणारा आणि एक लिहिणारा होता. आमची मोजणी अशी आली :

चहाचे कागदी कप – २१४
खर्र्याच्या पन्न्या – १६०
चिप्स व बिस्किटांचे पुडे – ९७
दुकानातल्या पिशव्या – ६३
पाण्याच्या बाटल्या – ४१
काचेच्या बाटल्या – १२
तुटलेल्या चपला – ९
फवारणीचे डबे – ६
एकूण – ६०२

चिखलात मिसळलेले आणि फाटून तुकडे झालेले आम्ही मोजलेच नाही.

गुरुजींनी फळ्यावर विचारले, "सर्वांत जास्त काय?" सारे ओरडले, "चहाचे कप!" ६०२ पैकी २१४. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

सारे ओरडले, पण मी ओरडले नाही. कारण रपट्याजवळ चहाचे दुकान एकच आहे. ते माझ्या बाबांचे आहे. संध्याकाळी दुकान झाडून तो कचरा रपट्यावरून खाली टाकतात. कधी बाबा टाकतात आणि सुटीच्या दिवशी मीच टाकते. सूप भरून मी कितीतरी वेळा टाकले आहेत. खाली पाणी असले म्हणजे कप होडीसारखे जातात. मला ते पाहायला आवडत होते.

माझी मैत्रीण माझ्या बाजूलाच उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

५. घरची गोष्ट

त्या रात्री मी जेवताना बाबांना आकडा सांगितला. बाबा आधी रागावले. म्हणाले, "कप मी एकटाच टाकतो का? पेनारे लोकंच रपट्यावर बसून फेकतात." मी म्हटले, "पण संध्याकाळी सुपातले तर आपणच टाकतो ना?" बाबा काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, माह्या दुकानात पयले काचीचे गिलासच होते. गिलास धुवाले पानी लागते. नळ चार दिवसांनी येते. खाऱ्या पान्यानं धुतले त गिलासावर पांढरे डाग पडतात, गिऱ्हाईक नाव ठेवते. पानी कोठून आनू? म्हनून कप आनले."

तेव्हा मला समजले की बाबा वाईट वागावे म्हणून वागत नव्हते. आपल्याकडे पाणी कमी, म्हणून कप आले. आणि कपांनी नाला बंद केला, म्हणून नको तेव्हा पाणी घरात आले! पाणी नाही म्हणून आपण जे केले, त्याने पाणीच खराब झाले.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितले, "नाल्यातले कप आमच्या दुकानचे होते." मला वाटले ती माझ्याशी बोलणार नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माहे बाबा बी रोज तुमच्याच दुकानात चहा पेतात. कप तेबी खालीच फेकतात."

गुरुजींना हे सांगितले तेव्हा गुरुजी म्हणाले, "कोणी विकतो, कोणी पितो, कोणी फेकतो. एकाकडे बोट दाखवले तर काम होत नाही. आता कप कोठे जातात हे तर कळले. ते कुजतात का, ते आपण पाहू."

६. मातीतला प्रयोग

हा प्रयोग तुम्हीसुद्धा करू शकता. साहित्य : केळीचे साल, निंबाचा पाला, वर्तमानपत्राचा तुकडा, चहाचा कागदी कप, बिस्किटाचा रिकामा पुडा.

कृती : श्रावणात आम्ही शाळेच्या मागे पाच खड्डे केले. प्रत्येक खड्डा एक वीत खोल होता. एकात एक वस्तू टाकली, माती लोटली आणि काडी रोवून नावाची चिठ्ठी बांधली. पाऊस होताच, म्हणून वेगळे पाणी घालावे लागले नाही. दसऱ्यानंतर सर्व खड्डे उकरले.

काय दिसले? केळीचे साल दिसलेच नाही, काळी माती झाली होती. निंबाच्या पाल्याच्या फक्त काड्या राहिल्या. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे होते, हातात घेतले की मोडत होते. चहाच्या कपाचा कागद बाहेरून गळून गेला होता, पण आत कपाच्या आकाराची एक पातळ पन्नी शिल्लक होती! बिस्किटाचा पुडा जसाच्या तसा. धुतला असता तर नाव वाचता आले असते.

अनुमान : आपण ज्याला कागदी कप म्हणतो तो फक्त कागद नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. कागद मातीत मिळतो, तो थर मिळत नाही. जे झाडापासून किंवा प्राण्यापासून आले ते कुजते, कारण मातीतले बारीक जीव ते खातात. प्लास्टिक त्यांना खाता येत नाही. उन्हाने प्लास्टिकचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात, पण ते संपत नाही. मासे ते अन्न समजून गिळतात. आपली ढोरंसुद्धा खरकटे लागलेली पिशवी गिळतात. ती पोटात अडकते आणि ढोर चारा खाणे सोडते.

आणखी एक गोष्ट. उघड्यावर पडलेल्या कपात, झाकणात, चपलेतसुद्धा पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून घरातली टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायला सांगतात. पण रपट्याखालचे दोनशे कप कोण कोरडे करणार?

७. फवारणीचे डबे

हे मी खास वावरात काम करणाऱ्या काकांसाठी लिहीत आहे. कपाशीवर फवारणी करून आल्यावर काही जण पंप आणि डबा नाल्यात धुतात. डब्यावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा असला तरी ते औषध पोटात जाण्यासाठी नसते. त्याच नाल्यावर पोळ्याच्या दिवशी आपण बैल धुतो. बैल ते पाणी पितात. ज्याची आपण पूजा करतो, पुरणपोळी खाऊ घालतो, त्याला तसले पाणी पाजायचे का? डबा नाल्यात धुऊ नये. रिकाम्या डब्याला भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही.

८. गाडगेबाबा आणि मोर्णा नदी

नाल्याचा विषय शिकताना गुरुजींनी आम्हाला संत गाडगेबाबांची माहिती सांगितली, कारण ते आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुका. ते कोणत्याही गावात गेले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. आपल्या जिल्ह्यात ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधला. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. हीच ती पेढी, जिला आपला नाला मिळतो. हे ऐकून मला फार वाईट वाटले. ज्यांनी जन्मभर झाडले, त्यांच्या नदीत आपण सूप रिकामे करीत होतो.

त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने सन २०००-०१ मध्ये ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले.

दुसरे उदाहरण अकोल्याचे आहे. अकोला शहर मोर्णा नदीच्या काठावर आहे. मोर्णाही पूर्णेलाच मिळते, म्हणजे ती आपल्या पेढीची बहीणच झाली. मोर्णेत कचरा आणि जलकुंभी भरली होती. १३ जानेवारी २०१८ रोजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, अकोल्याचे लोक नदीत उतरले. सहा हजारांहून जास्त लोक होते. त्यांत शाळेची मुले, कॉलेजचे विद्यार्थी आणि म्हातारी माणसेही होती. चार किलोमीटर भागात १४ ठिकाणी दोन्ही काठ साफ केले. पुढे दर शनिवारी सकाळी काम करायचे ठरले. २८ जानेवारी २०१८ च्या ‘मन की बात’ मध्ये पंतप्रधानांनी याचा उल्लेख केला.

मी गुरुजींना विचारले, "मग मोर्णा कायमची साफ झाली का?" गुरुजी म्हणाले, "जलकुंभी ही वनस्पती सांडपाण्यावर वाढते. ती काढली तरी सांडपाणी येत राहिले तर पुन्हा वाढते. म्हणून नदी साफ करणे हे अर्धे काम आहे. नदीत घाण न जाऊ देणे हे उरलेले अर्धे."

मला हे पटले. आपल्या रपट्याचे नळे माणसांनी एका दिवसात मोकळे केले. पण आम्ही रोज सूप टाकत राहिलो असतो तर पुढच्या आषाढात ते पुन्हा भरले असते.

९. आमच्या दुकानात काय बदलले

आम्ही घरी सर्वांनी मिळून विचार केला. आईने युक्ती काढली. दोन घमेली ठेवायची. पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे गोडे पाणी. गिलास आधी पहिल्यात घासायचा, मग दुसऱ्यात बुडवायचा, शेवटी शेगडीवरचे उकळते पाणी थोडे ओतायचे. दुसरे घमेले खराब झाले की त्यात साबण टाकून तेच पहिले करायचे. असे केल्याने दिवसाला दीड बादली पाणी लागते. वापरलेले पाणी थांब्यावरच्या निंबाच्या झाडाला टाकतो.

आता जे लोक दुकानात बसून चहा पितात त्यांना काचेचा गिलास मिळतो. एस. टी. मधल्या प्रवाशांना घाई असते, गिलास घेऊन ते गाडीत बसू शकत नाहीत. त्यांना अजून कपच द्यावा लागतो. पण दुकानासमोर बाबांनी तेलाचा मोठा रिकामा डबा ठेवला आहे. त्यावर मी रंगाने लिहिले आहे : ‘कप येथे टाका. खाली आमचे गाव आहे.’ डबा भरला की ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत देतो. आधी रोज चार पुडके कप लागत होते, आता एक लागते. बाबा म्हणतात, "कपाचे पैसे वाचतात, पन हात दुखतात." सुटीच्या दिवशी गिलास मी धुते.

सगळे चांगले झाले असे मी म्हणणार नाही. काही लोक अजून रपट्यावर बसून खर्र्याची पन्नी खाली सोडतात. दिवाळीच्या सुटीत मी आणि मैत्रिणीने रपट्याखाली पुन्हा मोजले. कप १७ होते. पन्न्या ५२ होत्या. कपांचा आकडा मी बाबांना सांगितला. पन्न्यांचा आकडा कोणाला सांगू? म्हणून येथे लिहिला आहे. वाचणाऱ्या काकांनी राग मानू नये.

१०. आपण काय करू शकतो?

मुलांसाठी :
(१) खाऊची रिकामी पुडी खिशात ठेवावी आणि शाळेच्या किंवा घरच्या डब्यात टाकावी.
(२) ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवावा. ओला कचरा खड्ड्यात टाकला तर खत होते.
(३) काच, औषधाचे डबे, सुया यांना हात लावू नये. मोठ्या माणसाला सांगावे.

मोठ्यांसाठी :
(४) बाजाराला जाताना कापडी थैली न्यावी. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या आदेशाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे.
(५) प्लास्टिक जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.
(६) फुले, हार, निर्माल्य नाल्यात न सोडता झाडाच्या बुडाशी पुरावे.
(७) मृगाच्या आधी सर्वांनी मिळून एकदा रपट्याचे नळे पाहावेत. पाऊस आल्यावर पाहून उपयोग नाही.

हे लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवले. ‘सूप भरून टाकले’ हे वाक्य आले तेव्हा मी थांबले. बाबा म्हणाले, "राहू दे तसंच. लोकाईले समजलं पाह्यजे." मग मी माझ्या मैत्रिणीला वाचायला दिले, कारण भिजलेली पुस्तके तिची होती. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि खाली ‘बरोबर आहे’ असे लिहिले.

स्वाध्याय

(१) आपल्या नाल्याचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्रापर्यंत जाते? क्रमाने सांगा.
(२) विहिरीचे पाणी खारे, पण झिऱ्याचे पाणी गोडे का?
(३) कागदी कप मातीत पूर्ण का कुजत नाही?
(४) तुमच्या घरी एका दिवसात किती पन्न्या व पुड्या निघतात? मोजून वहीत लिहा.
(५) तो कचरा कोठे जातो? घरच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि शेवटपर्यंत चालत जाऊन पाहा.